शिवणयंत्राचं तेल आणि ह्यांची गाडी

शाळा माझी तिसरीतच सुटली, पण यंत्राचं दुखणं मला नुसत्या कानाने कळतं. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलं, कारागिराला एकदाही उंबरा ओलांडू दिला नाही. सुनेचं दुखणंही मी असंच ओळखते. बहुतेकदा ते नसतंच.

ह्यांची गाडी बावीस वर्षांची. सकाळी चालू केली की बोनेटखाली खडखड, जणू कुणी डब्यात खिळे घालून हलवतंय. मग आपोआप गप्प. हे म्हणायचे, "म्हातारी खाकरतेय."

मग हेच दवाखान्यात पडले. महिन्याभराने डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. ह्यांनी एवढंच मागितलं, "अगं, मला माझ्या गाडीतून ने."

मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने गाडी चालू करून बोनेटला कान लावला आणि लगेच बंद केली.

"काकू, टायमिंग चेन सैल झालीय. आतली साखळी. ती घसरली की इंजिन गेलंच समजा. आता चावी फिरवू नका."

"किती दिवस लागतील?"

"आठ तरी द्या."

ह्यांच्याकडे आठ दिवस आहेत का, हे डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं.

"साखळी कसली डोंबलाची? यंत्र कोरडं पडलंय," मी म्हटलं आणि त्याला वाटेला लावलं.

घरात शिवणयंत्राच्या तेलाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या मी इंजिनात रिकाम्या केल्या.

"आई, अगं हे काय ओततेस?" मुलगा म्हणाला.

"ह्याच तेलावर तुझं शिक्षण झालंय. बस गाडीत."

खडखड थांबली नाही, उलट वाढली. मी म्हटलं, तेल मुरायला वेळ लागतो. दवाखान्याच्या फाटकात कडाड आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी मेली. मुलगा स्टिअरिंग धरून समोर बघत बसला. माझ्याकडे बघायची त्याची टाप नव्हती.

पुन्हा मेकॅनिकच आला. तेलाची कांडी ओढून त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. मेल्याने बोलायला हवं होतं. त्याने आपल्या टेम्पोला दोराने गाडी बांधली.

ह्यांना आणून मागच्या सीटवर बसवलं. माझ्या खांद्यावर डोकं टाकून ह्यांनी डोळे मिटले. टेम्पो हलला, मागून आम्ही.

"अगं, आवाज गेला की. काय केलंस?"

"तेल घातलं."

"तुझ्या हाताला गुण आहे."

मुलाने आरसा दुसरीकडे फिरवला.

घरी आल्यावर रोज एकदा विचारायचे, "गाडी काय म्हणते?" मी सांगायची, "गप्प आहे." तेवढ्यानेही समाधान व्हायचं त्यांचं.

पुढे अकरा दिवस होते हे. मेकॅनिकने आठच मागितले होते.