चार बोटांचं अंतर

डॉक्टरीणबाईंनी ड्रायव्हरला दवाखान्यात बोलावलंच नाही. त्या स्वतः डेपोत आल्या, बसमध्ये चढल्या, त्याला त्याच्याच सीटवर बसवलं आणि त्याचं पोट आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये आपला हात घालून पाहिला. हात जाईना. मग तीन बोटं घालून पाहिली, मग दोन. शेवटी करंगळी तेवढी कशीबशी शिरली.

"पोट आत ओढा," बाई म्हणाल्या.

"ओढलेलंच आहे," ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी करंगळी सोडवून घेतली. "इथे चार बोटं बसायला हवीत. तीन महिने देते. नाही जमलं तर गाडी बंद, चौकशीच्या खिडकीवर बसायचं."

खिडकीवर पगार तेवढाच होता आणि डोक्यावर पंखाही होता. पण ज्या माणसानं उभी हयात लोकांपुढे गाडी आणून उभी केली, त्यानं आता काचेआड बसून "येईल, येईल" म्हणत राहायचं, ही कल्पनाच त्याला सोसेना. घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. माणूस खचला होता, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

बायको रडणाऱ्यांपैकी नव्हती. तिनं दुसऱ्या दिवसापासून ताटाचे भाग पाडले. अर्ध्या ताटात भाज्या, पाव ताटात कडधान्य किंवा अंडं आणि उरलेल्या कोपऱ्यात ब्रेड नाहीतर भात. तेल चमच्यानं मोजून, साखर नावाला, तळण बंद. जेवण झालं की दोघांनी गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं. भूक लागलीच तर काकडी नाहीतर वाटीभर दही. "आणि मीही हेच खाणार," ती म्हणाली. "दोन माणसांसाठी दोन स्वयंपाक कोण करत बसणार?" खरं कारण वेगळं होतं. तिच्या ताटात भाताचा ढीग दिसला असता तर त्याच्या घशाखाली काकडी उतरली नसती, हे ती ओळखून होती.

पहिल्या महिन्यात दोन बोटं बसली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण सुरळीत चाललेलं आपल्या लोकांना बघवत नाही, मदत करावीशी वाटते.

सुरुवात कंडक्टरनं केली. मन चांगलं, आवाज त्याहून चांगला, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ. भरल्या बसमध्ये तो ओरडला, "पुढचा थांबा पोस्ट ऑफिस. आणि मंडळी, आपल्या दादांना कुणी गोडाधोडाचं देऊ नका. दोन बोटं झालीत, अजून दोन व्हायचीत. नाहीतर दादा खिडकीवर जातील."

हा ड्रायव्हर धावत येणाऱ्यासाठी थांबायचा, म्हाताऱ्यांना नीट बसू द्यायचा आणि मगच गाडी हलवायचा. असा माणूस जाऊ द्यायचा नाही, हे त्या दिवशी प्रत्येकानं मनाशी ठरवलं आणि प्रत्येकानं ते एकेकट्यानं ठरवलं. घोटाळा तिथेच झाला.

दुसऱ्या दिवशी पोस्ट ऑफिसच्या थांब्यावर रोजच्या आजी थर्मास घेऊन चढल्या. "टोमॅटोचं सूप आहे. थेंबभर तेल नाही. पी."

"आजी, मी घरून खाऊन आलोय."

"सूप म्हणजे का खाणं? पाणीच ते. पी, मी उभी आहे."

आजी उभ्या म्हटल्यावर गाडी हलवता येईना. त्यानं सूप प्यायलं. पुढे दवाखान्याच्या थांब्यावर नर्सनं उकडलेली अंडी दिली. "नुसती प्रथिनं आहेत, दादा. वजन कमी करायचं तर अंगात ताकद नको का?" एक अंडं दिलं असतं तर गोष्ट वेगळी, पण नर्सचा हात मोठा होता. त्याच्यापुढे बागेच्या थांब्यावर निवृत्त मास्तर मोड आलेल्या कडधान्याचा डबा आणि कापलेली फळं घेऊन तयार. मास्तर नुसतं देत नसत, समजावूनही सांगत. "प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा." आणि समोर उभं राहून मोजत.

यातलं काहीही वाईट नव्हतं. कुठल्याही डॉक्टरनं शाबासकी द्यावी असं एकेक अन्न. फक्त ते सगळं एकाच पोटात जात होतं आणि तेही प्रत्येक फेरीला.

नाही म्हणून पाहिलं नाही असंही नाही. एकदा त्यानं मास्तरांचा डबा हात जोडून परत केला. मास्तर म्हणाले, "नर्सची अंडी चालतात, आमचं कडधान्य का नाही चालत? आम्ही काय घोडं मारलंय?" मास्तरांचा आवाज असा काही हलला की त्यानं डबा ओढून घेतला आणि चाटूनपुसून खाल्ला.

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो स्वतःच बोटं घालून बघायचा. दोनाचं एक झालं. एकाची पुन्हा करंगळी झाली.

"किती?" संध्याकाळी बायको विचारायची.

तो करंगळी दाखवायचा.

"बाहेर तळलेलं खाता का? खरं सांगा."

"तुझी शपथ, तळलेल्याला हात लावलेला नाही." हे अगदी खरं होतं. पण जी बाई त्याच्यासाठी चमच्यानं तेल मोजते, तिला दुसऱ्यांच्या डब्यांचं काय सांगणार? घरी सांगायची चोरी आणि रस्त्यात नाही म्हणायची चोरी. इकडे आड, तिकडे विहीर.

बायकोला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिनं भात काढला, मग ब्रेड काढला. जे त्याच्या ताटातून गेलं ते तिच्याही ताटातून गेलं. तो घरी येऊन अर्धपोटी उठायचा तेव्हा त्याच्या पोटात दिवसभराचं असायचं. तिच्या पोटात काही नसायचं. तिचं मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. त्याच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या पोटाकडे होतं.

शेवटी त्यानं, भीक नको पण कुत्रा आवर, या हिशेबानं थांबे गाळायला सुरुवात केली. थर्मास दिसला की गाडी वेगात पुढे. डबा दिसला की नजर समोर. आधी आजी रस्त्यात राहिल्या, मग नर्स, मग मास्तर. मागे उतरणारे दांडीला लोंबकळून ओरडायचे, तेही त्यानं ऐकलं नाही. आठवड्यात तक्रार गेली आणि त्याला मॅनेजरसमोर उभं केलं. नेमकी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंची तपासणी होती. करंगळीसुद्धा गेली नव्हती. त्या खोलीत बसल्या होत्या, बायको दाराशी उभी होती आणि तक्रार करणारे तिघं बाकावर. प्रत्येकाच्या मांडीवर डबा, कारण एवढ्या लांब येतोच आहोत तर रिकाम्या हातानं कसं यायचं?

मॅनेजरनं चष्मा पुसला. "दवाखान्याच्या थांब्यावर गाडी का थांबवली नाही?"

"साहेब, तिथे अंडी असतात."

"रस्त्यावर?"

"डब्यात."

"मग गाडीला काय अडचण?"

"गाडीला नाही साहेब, मला." आणि मग त्याचा बांधच फुटला. सूप, अंडी, बत्तीस वेळा चावणं, सगळं त्यानं सांगून टाकलं. बाकावरचे तिघं एकमेकांकडे बघत राहिले. दुसराही देतोय हे ठाऊक होतं, पण सगळ्यांचं मिळून काय झालंय हे त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं.

बायको हळूच पुढे आली. "म्हणजे तुम्ही दिवसभर जेवत होता?"

त्यानं बाकावरच्या डब्यांकडे पाहिलं.

"आणि मी तुमच्यासोबत उपाशी राहत होते." ती रागानं बोलली नाही, ते जास्त वाईट होतं. बोलता बोलता तिला घेरी आली आणि ती टेबलाचा कोपरा धरून खाली बसली.

सगळ्यात आधी आजी उठल्या. "अगं बाई, काय ही दशा. हाडं मोजून घ्यावीत." थर्मासचं झाकण फिरलं. नर्सनं नाडी बघता बघता अंडं सोललं. मास्तरांनी फळांचा डबा उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा चावण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं पाहिलं आणि ड्रायव्हरला आणखी एक महिना दिला. तक्रार मागे घेतली गेली. ड्रायव्हर कोपऱ्यात उभा होता, त्याला कुणी एक फोडसुद्धा विचारली नाही.

त्या दिवसापासून डबे बंद झाले असं समजू नका. डबे तेच, थांबे तेच, फक्त मालक बदलला. "हे वहिनींसाठी. झाकण उघडायचं नाही." कंडक्टर तिकीट फाडता फाडता पहारा द्यायचा. संध्याकाळी ड्रायव्हर पिशवीभर डबे घरी न्यायचा आणि स्वतः अर्धं ताट भाज्या खाऊन उठायचा. महिना संपला तेव्हा डॉक्टरीणबाईंची चार बोटं आरामात बसली. "आता दर तीन महिन्यांनी बघीन," त्या म्हणाल्या. गाडी त्याची राहिली.

संध्याकाळी तो पेढे वाटायला निघाल्यासारखा घरी आला. बायको डबे मांडून बसली होती. गाल वर आले होते, घड्याळाचा पट्टा आता एक भोक सैल करावा लागला होता, पण चेहरा पडलेला होता.

"झाली चार बोटं," त्यानं सांगितलं.

"छान झालं." तिनं एका डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. "रोज तुम्ही उठून जाता आणि मी एकटी या डब्यांसमोर बसते. टाकवत नाही आणि संपवतही नाही."

तो उभा राहिला. गाडी हातची जाऊ नये म्हणून या बाईनं महिनोन् महिने एक शब्द न बोलता पोट मारलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं हात धुतले, तिच्या शेजारी पाट न मागता जमिनीवरच बसला आणि एक अंडं उचललं.

"अहो, तपासणी," ती म्हणाली.

"तीन महिन्यांनी आहे," तो म्हणाला. "सूप ओत."