दुष्टाचं सोंग कोणी घ्यायचं

मंडईतल्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजीभाऊ नावाचा एक उंचापुरा माणूस शालिक शिंप्याच्या दारात येऊन उभा राहायचा. अंघोळ झालेली असायची, पण कानामागे रात्रीचा रंग तसाच राहिलेला असायचा. हात जोडून, मान खाली घालून तो म्हणायचा, "बाई, राती तुमचा हात धरला म्या. जबरीनं धरला. माफी द्या."

शालिकनं रात्रीच्या नाटकात नायिकेचं काम केलेलं असे. सकाळी तो बनियनवर, एका गालाला दाढीचा साबण लावलेला, असा बाहेर यायचा आणि नाटकातल्याच बारीक आवाजात म्हणायचा, "देली माफी, भाऊ." साध्या आवाजातली माफी डोमाजीभाऊंना चालत नसे. "हात तं बाईचा धरला," ते म्हणत. "शिंप्याले म्या काई केलंच नाई."

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी मी वर्ध्याकडून चांदा जिल्ह्यात मास्तर म्हणून गेलो, तेव्हा सावली नावाच्या मोठ्या गावाजवळच्या या खेड्यात मला पहिल्यांदा हा प्रकार दिसला. मला वाटलं, गावानं नव्या मास्तरची फिरकी घ्यायचं ठरवलंय. मी मोठ्यानं हसलो. दुसरं कोणीही हसलं नाही, तेव्हा खोकला आल्यासारखं करून मी शाळेत निघून गेलो.

दिवाळी झाली, धान कापणीला आलं, की त्या मुलखात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्रभर नाटक. पोरीबाळी सासरहून येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि ज्या गावचं नाटक पडलं त्या गावची सोयरीकही जरा अवघड होते असं म्हणतात. त्या काळी बायकांची कामंही पुरुषच करायचे. मास्तरला खडू धरता येतो म्हणजे नाटक लिहिता येतंच, अशा हिशेबानं लेखनाचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ते चांगलं केलं, हे आजही सांगतो.

माझ्या सगळ्या नाटकांत दुष्टाचं सोंग डोमाजीभाऊंचं. माणूस एरवी इतका सोज्वळ, की बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बैल अडला तर त्यालाही "चाल ना जी" म्हणायचा. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. एकटाच राहायचा, स्वतःचा भात स्वतः रांधायचा. पण तोंडाला रंग लागला की त्या माणसाकडे बघवत नसे. पहिल्या ओळीतली पोरं आईच्या मागे दडायची.

आणि सकाळी हा माफीचा फेरा. एका नाटकात त्यांनी राजाचा खून केला. राजा झाला होता आमचा किराणा दुकानदार. डोमाजीभाऊंनी सरळ सुतक धरलं. घराबाहेर ओसरीत झोपायचे, पळसाच्या पानावर जेवायचे, कोणाला शिवायचे नाहीत. शेवटी दुकानदार आपलं भलं थोरलं पोट घेऊन स्वतः त्यांच्या अंगणात गेला. "हे पाहा भाऊ, जित्ता हावो मी. सकाळीच पावशेर पोहे खाल्ले."

डोमाजीभाऊंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी हा जी जित्ते," ते म्हणाले. "राजा गेला."

दुसऱ्या एका नाटकात त्यांनी गंगाजळाचा लोटा हातात घेऊन खोटी शपथ वाहिली. लोटा त्यांच्याच घरचा, पितळेचा, चांगला जडशीळ. त्यानंतर ते त्या लोट्यातून पाणी प्यायले नाहीत. तो नाटक मंडळाला देऊन टाकला आणि स्वतः मडक्यातलं पाणी नारळाच्या करवंटीनं प्यायला लागले.

मला हे सहन होत नसे. मी शिकलेला माणूस, शाळेत नीतिपाठ घेणारा. एकदा मी त्यांना पारावर गाठलं. म्हटलं, "डोमाजीभाऊ, नाटकातलं पाप नाटकापुरतं. जागा बदलली की चूक-बरोबर बदलतं. आता बघा, एटापल्लीकडच्या गावात मोहाची दारू देवापुढे ठेवतात. इथे तुमची भजनी मंडळी तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही. मग खरं पाप कुठलं?"

ते तिकडे बांबूच्या कामावर राहून आलेले. जरा विचार करून म्हणाले, "दारूचं बराबर हाय तुमचं. तिथी मलेबी देवापुढची देली, म्या घेतली, घरी येऊन सांगतलंबी. पन तिथी कोनी बाईचा हात जबरीनं धरला तं लोकं उठतेतच ना जी? तिथीबी ते जबरीच हाय."

"अहो, पण तुम्ही खरोखर कुठे धरता?"

"शालिकच्या हातावर वळ पाह्यले का तुमी?" ते म्हणाले. "पडदा आपल्याले दिसते, मास्तर. देवाले नाई दिसत."

यावर मी बरंच बोललो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि पुढच्या मंडईनंतर परत शालिकच्या दारात हजर.

मग एका वर्षी पाटलांच्या ओसरीवर मंडळ बसलं आणि ठरलं, की डोमाजी आता म्हातारा झाला. आवाज फाटतो, लांबचं भाषण विसरतो. या वर्षी दुष्टाचं सोंग किसननं घ्यावं. किसन पहिलवानी अंगाचा, हसला तरी खिडक्या वाजाव्यात असा गडी. त्यालाही हौस होती. मला निर्णय पटला, आणि डोमाजीभाऊ सुटले म्हणून बरंही वाटलं.

पण ज्या माणसानं आयुष्यात कधी पंगतीत दुसरी वाढ मागितली नाही, तो या सोंगासाठी भांडायला उठला. पाटलांच्या अंगणात बसून राहिला. "सोंग माह्यं हाय," एवढंच म्हणायचा. मग शेतात आवाज कमवायला सुरुवात केली. एका दुपारी सावली गावच्या रस्त्यानं जाणाऱ्या एका वाटसरूला बांधीतून "आज तुले जित्ता सोडत नाई!" असं ऐकू आलं. तो धावत येऊन पोलीसपाटलांना घेऊन गेला. दोघं पोचले तेव्हा डोमाजीभाऊ उभ्या धानाला धमकी देत होते.

गावाला विषय मिळाला. म्हातारपणी हौस सुटली, डोमाजीले टाळ्यायची चटक लागली, असं पारावर बोललं जाऊ लागलं. किसन तर त्यांच्या फाटक्या हसण्याची नक्कल करायचा. त्यांनी ते ऐकलं, पण त्याला काही बोलले नाहीत.

"मास्तर, नाटक तुमचं," पाटील म्हणाले. "तुमीच समजवा त्याले."

दुपारी मी त्यांच्या बांधीवर गेलो. ते विळ्याला धार लावत बसले होते. मी थोडा चिडूनच म्हटलं, "डोमाजीभाऊ, तुमच्या मतानं नाटकातलं पाप खरं ना? मग आता सुटका होते आहे, तर सुटा की. किसनला करू द्या. जे पाप समजता तेच भांडून मागता, याला काय म्हणायचं?"

धार लावून होताच त्यांनी विळा गवतावर ठेवला.

"किसनची बायको भरल्या दिवसाची हाय," ते म्हणाले.

"बरं, मग?"

"मग काय मास्तर. त्यानं सोंग घेतलं तं ते पाप कुठी जाईन? त्याच्या घरी जाईन. घरात लहान जीव येऊन राह्यला." ते अगदी साधेपणानं सांगत होते, पाणी कुठून कुठे जाईल ते सांगावं तसं. "माह्या मागं कोनी नाई. माह्यापाशी येते न् माह्यापाशीच सरते."

मी विचारलं, "हे तुम्हीच ठरवलंत?"

"नाई जी. तिनं ठरवलं." बायकोबद्दल बोलताना ते जरा हसले. "आमाले लेकरू होत नाई हे पक्कं झालं, तवा तीच म्हने, दुष्टाचं काम तुमी मागून घ्या. साऱ्यायच्या घरी लेकरं हायेत, आपल्याच घरी नाई. पुढं बसून मले सगळ्यात मोठ्या शिव्या तीच देत जाय. म्हने, थोडं पाप तं इथंच फिटून जावो."

"पण मग नाटकात दुष्ट नसलाच तर?" मी म्हटलं. "मी तसं लिहितो."

"नाई, नाई," ते घाईनं म्हणाले. "मग लेकरायले कसं समजंल, वाईट कसं दिसते ते? कोनीतरी दाखवाच लागते." आणि मग हळू आवाजात, "किसनले सांगू नका. भेव बसंल त्याच्या मनात. अन् माह्यासाठी खोटंबी नका बोलू."

मी आतापर्यंत बरीच पुस्तकं वाचली आहेत, शहाण्या लोकांची भाषणं ऐकली आहेत. पण त्या बांधावर मला ज्या माणसापुढे बसल्यासारखं वाटलं, तसा मोठा माणूस नंतर मला भेटला नाही. त्यांच्या हिशेबातलं एक अक्षर मला पटत नव्हतं. तरी माझे हात आपोआप जोडले गेले होते. ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी धानाची एक लोंबी तोडून चोळत बसलो.

घरी येऊन मी माझ्याच नाटकाची मोडतोड केली. तरुण दुष्टाचा म्हातारा काका केला, आणि किसनला नायकाच्या भावाचं, तलवारबाजीचं काम दिलं. पाटील म्हणाले, "हे काऊन बदललं, मास्तर?" मी म्हटलं, "मी लिहिलं होतं, मीच बदललं." यात खोटं काही नव्हतं. किसन तलवारीवर खूश झाला.

त्या मंडईला डोमाजीभाऊंचा आवाज फाटला, दोन जागी ते भाषणही विसरले. पण शालिकला, म्हणजे विधवा भावजयीला, त्यांनी लेकरासकट घराबाहेर ढकललं, तेव्हा सगळा मंडप खवळला. बायका बोटं मोडत होत्या, "मरत काऊन नाई रे मेल्या!" म्हणत होत्या. ते अंगावर येणारी एकेक शिवी सरळ उभं राहून घेत होते. मंडपात त्यांच्यासाठी डोळे भरून आलेला मी एकटाच असेन.

पुढच्याच आठवड्यात किसनला मुलगा झाला. बारशाला सारं गाव जेवलं. डोमाजीभाऊ आले, पण अंगणाच्या कडेलाच उभे राहिले. किसनची बायको लेकरू घेऊन स्वतः त्यांच्याकडे गेली. "भाऊ, घ्या ना याले थोडा वेळ."

डोमाजीभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"नाई बाई, दुरूनच पाह्यतो," म्हणत ते वाकले. वाकता वाकता फारच जवळ गेले असावेत, कारण पोरानं त्यांच्या मिशीचं टोक मुठीत धरलं. पोर काही सोडेना. डोमाजीभाऊ तसेच वाकून राहिले, कंबर दुखत असणार, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात काही पुढे आणले नाहीत. अंगण पोट धरून हसत होतं, किसन सगळ्यात जास्त.

"सोडवा ना भाऊ हातानं," त्याची बायको हसत म्हणाली.

"राहू दे, बाई," ते म्हणाले. "धरू दे त्याले."