फाट्यापर्यंतची चाचणी

खरेदीसाहेबांच्या घरी नवी गाडी घ्यायची हे ठरलेलं होतं. हायब्रिड एसयूव्ही घ्यायची की नेहमीची, एवढंच ठरायचं राहिलं होतं. साहेब एका मोठ्या कार्यालयात खरेदी विभागाचे प्रमुख. सबंध कारकिर्दीत त्यांच्या हातून एकही चुकीची खरेदी झाली नव्हती, कारण त्यांच्या टेबलावरून कुठलीच खरेदी आजवर पुढे सरकली नव्हती. कार्यालयात लोक मोडक्या खुर्च्यांवर तोल सांभाळत बसायचे, पण त्या खुर्च्यांबाबत हिशेबतपासणीत एक तरी आक्षेप कुणी काढून दाखवावा.

गाडीची गरज निघाली ती साहेबांच्या वडिलांमुळे, म्हणजे आप्पांमुळे. आप्पांची थोरली बहीण, साहेबांची आत्या, घाटावरच्या गावात राहायची. तिची नजर दिवसेंदिवस मंदावत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. इकडे आप्पांची कंबर धरलेली, बसचं नाव काढायचं नाही अशी त्यांना सक्त ताकीद. दारातली जुनी छोटी गाडी तर घाटाच्या पायथ्याशीच धापा टाकायची.

"ताईला दिसतंय तोवर एकदा तिच्यासमोर नेऊन बसव मला," आप्पा म्हणाले. "बाकी माझं काही मागणं नाही."

साहेबांना भरून आलं. त्यांनी त्याच संध्याकाळी समिती नेमली.

समितीत मुलगी हायब्रिडच्या बाजूची. तिला पृथ्वीची फार काळजी. कोपऱ्यावरच्या जिममध्ये गाडीने जाताना तिचा जीव अगदी हळहळायचा. मेहुणा नेहमीच्या गाडीच्या बाजूचा. "दाजी, घाटात बॅटरी बसली तर काय फुंकर घालणार आहात तिला?" असा त्याचा बिनतोड सवाल होता. त्याने स्वतः जन्मात गाडी घेतली नव्हती, त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती मानलं गेलं. बायकोला समितीत घेतलं नाही. तिने पहिल्याच दिवशी, "कुठलीही घ्या, पण घ्या एकदाची," असं बेजबाबदार विधान केलं होतं.

शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर दोन्ही गाड्या चालवून झाल्या. हायब्रिड इतकी गुपचूप चालली की साहेब ती सुरू ठेवूनच खाली उतरले. पण सपाट रस्त्यावरचा पुरावा घाटाला लागू कसा करायचा? तेव्हा चाचणी घाटातच व्हावी असा ठराव झाला. चाचणीच्या दिवशी आप्पा ठेवणीतले कपडे घालून, काठी घेऊन सकाळपासून दारात बसले होते.

"आप्पा, तुम्हाला नाही येता यायचं," साहेब म्हणाले.

"का रे?"

"गाडी तुमच्यासाठीच घ्यायची आहे ना? मग लाभार्थीच आत बसला तर चाचणी निःपक्ष कशी राहील? उद्या कुणी बोट ठेवलं तर?"

"आपल्या घरात येऊन बोट कोण ठेवणार?"

आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं ते अशी काळजी घेतल्यामुळेच, अशी साहेबांची पक्की खात्री होती.

हायब्रिड घाट चढून गेली, थेट आत्याच्या गावाच्या फाट्यापर्यंत. तिथून आत्याचं घर दिसतं. आत्या अंगणात उभी होती. रस्त्यावर गाडी थांबलेली पाहून तिने कपाळाशी आडवा हात धरला, बराच वेळ पाहिलं आणि मग तोच हात हलवला.

"दाजी, आलोच आहोत तर जाऊन येऊ की पटकन," मेहुणा म्हणाला.

साहेबांनाही क्षणभर वाटलं, जावं. लहानपणी ते याच आत्याच्या मांडीवर झोपायचे. पण गाडी मिळाली होती चाचणीसाठी. ती घेऊन नातेवाइकांकडे जाणं म्हणजे उघड उघड खासगी वापर. त्यांनी गाडी वळवली. हातसुद्धा हलवला नाही.

घरी येऊन त्यांनी आप्पांना आनंदाची बातमी दिली. "आत्याला फाट्यावरची गाडी दिसली. म्हणजे नजर शाबूत आहे. आता घाई करायचं कारणच उरलं नाही."

आप्पा काठी कोपऱ्यात ठेवून आत गेले.

नेहमीच्या गाडीची पाळी आली त्या दिवशी घाटात दाट धुकं पडलं. दोन गाड्या दोन वेगळ्या हवेत तपासल्या तर तुलना कसली? म्हणून हायब्रिड पुन्हा धुक्यात न्यायचं ठरलं, तर धुकं पडेना. तेवढ्यात दोन्ही गाड्यांची नवी मॉडेलं येणार असल्याची बातमी मुलीने आणली. झालं, त्यांची वाट पाहणं आलं. जुनी गाडी दारात असल्यामुळे समिती सुस्तावली आहे असा साहेबांना संशय आला, म्हणून त्यांनी ती विकून टाकली. मुलगी कोपऱ्यावरच्या जिमला टॅक्सीने जाऊ लागली. पृथ्वीसाठी तिला तेही सोसावं लागलं.

"अहो, एक दिवस भाड्याची गाडी करा आणि आप्पांना सोडून या," बायको शेवटी म्हणाली.

"आणि भाड्याच्या गाडीत काम भागलं, तर आपल्याला गाडीची गरज आहे हे सिद्ध कसं होणार? सगळा प्रस्तावच बाद होईल."

बायकोने कपाळाला हात लावला.

एका सकाळी आप्पा कंबरेला पट्टा आवळून बसने निघून गेले. सून तेवढी स्टँडवर पोचवायला गेली होती. साहेब दुपारपर्यंत बेचैन होते. संध्याकाळी समितीची बैठक झाली. प्रवासाचं मूळ कारण संपुष्टात आल्यामुळे निर्णयावरचा भावनिक दबाव दूर झाला आहे, याची समितीने समाधानाने नोंद घेतली. मग मात्र सगळं भराभर झालं. त्याच आठवड्यात गाडी दारात उभी राहिली.

शेजारीपाजारी पाहायला आले. त्यांनी दारं उघडून पाहिली, सीटवर बसून पाहिलं, टायरला लाथा मारून पाहिल्या. आणि प्रत्येकाने एकच विचारलं, हायब्रिड की नेहमीची? ही हकीकत पुढे ज्याच्या ज्याच्या कानावर गेली त्यानेही तेच विचारलं. लाजू नका, तुमच्याही ओठांवर तेच आहे.

आप्पांचं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही. पोचले ते. आत्या अंगणातच बसली होती. तिने त्यांना लगेच ओळखलं, आवाजावरून.