दोन नंबर राखीव

आमचा श्रीरंग कॉम्प्युटरवाला असून हाताने कोड लिहीत नाही, आणि वर ते मिरवतो. मूळचा नागपूरचा, नोकरी लंडनजवळच्या ब्रॅकनेलला, आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या घरात फ्रंट रूम भाड्याने घेऊन राहतो. मी चौथी नापास. पण मला शेंडी लावणारा अजून जन्मायचाय. म्हटलं, "मग पगार कसला घेतोस रे?"

"साच्याचा, काका. आधी साचा!"

हे त्याचं पालुपद. सुमती, माझी बायको, आजारपणात वरच्या खोलीत असायची. हाक मारायचं बळ नव्हतं, म्हणून त्याने तिच्या उशाशी भिंतीवर बटण लावलं. बटण आणि आमचे फोन म्हणजे क्लायंट. जिन्याखालचा डबा सर्व्हर, सगळ्यांचे निरोप पोचवणारा.

"म्हणजे या घरात जन्मभर मीच सर्व्हर," मी म्हणालो. ही हसली.

कुठला निरोप कितव्या नंबरचा, एवढंच श्रीरंगने चार ओळींत लिहिलं, हाच त्याचा साचा. एक म्हणजे 'चहा झाला', दोन म्हणजे सुमतीच्या बटणाचं 'जरा वर या'. त्या साच्यावरून मशीनने दोन्हीकडचा कोड लिहून काढला, निरोपाचं गाठोडं बांधायचा आणि सोडायचा. "हाताने लिहिलं की बांधणारा एक गाठ मारतो, सोडणारा भलतीच शोधतो," म्हणे.

मग सुमती गेली.

काही महिन्यांनी मी म्हटलं, "दोन नंबर रिकामा पडलाय. त्यावर 'बिन बाहेर काढा' टाक." कौन्सिलची कचऱ्याची गाडी सारखी चुकत होती माझी.

"नाही काका. तीन घ्या. दोन राखीव."

"घर माझं, नंबर माझा!"

"गेलेला नंबर पुन्हा वापरायचा नसतो. एखादा जुना क्लायंट अजून त्याचा जुनाच अर्थ लावत असतो."

"इथे कोण रे जुना क्लायंट?"

तो केटल भरायला उठला. मी आठवडाभर अबोला धरला. बिन तीनवर गेली.

परवा सुमतीचा पलंग न्यायला माणसं येणार होती म्हणून मी वर गादी ओढत होतो. कोपर बटणावर बसलं. खाली खुर्ची पडली, मग जिन्यावर धाडधाड पावलं. दारात श्रीरंग. एका पायात सपात, काखेत उघडा लॅपटॉप.

"काय झालं, काकू..."

लॅपटॉपमधून कुणी गोरा म्हणत होता, "श्रीरंग, यू आर ऑन म्यूट."

मी गादीचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

"धर," म्हटलं. "आणि ते बटण काढू नकोस हं."