धर्मपालचे अकोल्याहून आगमन

सन १९६१ मध्ये पिंपळदरी नगरपालिकेने ठराव क्रमांक एकेचाळीस एकमताने मंजूर केला. बाहेरगावाहून येऊन कारखाना काढणाऱ्यास जागा फुकट, जकात पाच वर्षे माफ आणि विजेची शिफारस तात्काळ. अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या मोटारी गावात थांबत नसत; त्या थांबाव्यात, एवढाच उदात्त हेतू होता.

धर्मपाल वानखडे नऊ वर्षांपासून याच गावात पत्र्याच्या पेट्या बनवत असे. पत्रा कापायचे यंत्र त्याने दोन वर्षांपूर्वीच आणले होते. वीज नसल्याने त्यावर कोंबडी अंडी घाली. तो अर्ज घेऊन हेडक्लार्क कमलाकांतबाबूंकडे गेला.

"तुम्ही कुठले?"

"इथलाच ना जी. तुमच्या पोरीची पेटी म्याच तं केली."

"अरेरे! मग तुम्हाला आकर्षित कसं करणार? ठरावात 'आकर्षित' हा शब्द आहे. जो आहेच, त्याला आकर्षित करता येत नाही."

"मंग म्या का करू?"

"आधी जा," कमलाकांतबाबू कळवळून म्हणाले. "मग या."

धर्मपाल गेला. अकोल्यात मेहुण्याच्या खोलीवर राहून त्याने छापील कागदावर पत्र धाडले : 'वानखडे पेटी उद्योग, अकोला.' पिंपळदरीत खळबळ उडाली. अध्यक्ष रविकांतराव चार सभासद आणि एक हार घेऊन अकोल्यास धावले. त्यांनी धर्मपालला ओळखले नाही. नऊ वर्षे त्यांनी त्याला जमिनीवर उकिडवा बसलेलाच पाहिला होता, खुर्चीवर कधी पाहिला नव्हता.

"आमचं गाव पाहिलंय का आपण?"

"पायलं ना जी. येता-जाता."

"वा! भाषासुद्धा किती लवकर उचललीत आमची!"

उपसमितीने पाहणी करून जागा निवडली. बाजाराला लागून, आणि ठोकाठोकीची शेजाऱ्यांना आधीच सवय असलेली. तिथे एक जुनी टपरी होती. टपरीतल्या इंदूबाईला नोटीस गेली : 'आपला किरकोळ धंदा अकोल्याच्या उद्योगाच्या आड येत असल्याने सात दिवसांत जागा खाली करावी.'

इंदूबाई कचेरीत आली. रडून डोळे लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता.

"बाबू, माह्या नवऱ्यासाठी मलेच काढून राह्यले का तुमी?"

कमलाकांतबाबूंनी दोन्ही फायली शेजारी ठेवल्या आणि त्यांना घाम फुटला. "बाई, नातं फायलीत नाही. दाखवलं, तर तो बाहेरचा राहत नाही. बोला, नवरा हवा की वीज?"

"वीज," इंदूबाई म्हणाली. तिने फार विचार केला नाही.

सात दिवस ती दोन लेकरं, ऐरण, यंत्र आणि कोंबडीसह रस्त्यापलीकडे बसली. आठव्या दिवशी तेच सामान 'अकोल्याहून आलेली यंत्रसामग्री' म्हणून आत गेले. कोंबडीचीही नोंद झाली. धर्मपालला वेशीबाहेर नेऊन मोटारीत बसवले आणि बँड लावून गावात आणले. शेजारची पार्बताबाई ओवाळायला पुढे झाली.

"आले का पाव्हणे?" म्हणाली, आणि तिला इतके हसू आले की निरांजन विझले. वृत्तांतात 'महिलावर्ग आनंदाने भारावला' असे नमूद झाले.

वीज आली. यंत्र धडधडले. गिऱ्हाईकांची रांग लागली. नऊ वर्षे त्याच टपरीवरून शाळेत जाणारे आणि पेट्या मात्र अकोल्याहून आणणारे गोपाळकृष्ण मास्तर पेटीवर हात फिरवून म्हणाले, "याला म्हणतात अकोल्याचं काम! आपल्याकडच्यांना जमायचं नाही."

धर्मपालने काही बोलायला तोंड उघडले. इंदूबाईने त्याच्या पायावर पाय दिला.

महिन्याभरात शिंपी अकोल्यास गेला. मग कुंभार, मग सूर्यभान हलवाई. दिवाळीला पिंपळदरीत चकली मिळेना. अकोल्याच्या मोटार स्टँडवर मात्र गावचे झाडून सारे कारागीर धुतलेले कपडे घालून शिष्टमंडळाची वाट पाहत बसले होते.

वाचकहो, खुशाल हसा. पण आपल्या घरामागच्या गल्लीत हातानं काही बनवणाऱ्या दोघांची नावं तेवढी सांगा.

मी थांबतो.