चंदेरी झाड कोणाचं?

टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा फक्त दोन वस्तू बांधायच्या राहिल्या होत्या, आणि त्यांतली आपली कुठली यावर दोन जावांचं एकमत होत नव्हतं.

वस्तू म्हणजे दोन एअर प्लांट. माती नाही, कुंडी नाही. हवेवर जगणारी, मुठीएवढी झाडं. एक थोरलीला नवऱ्याने प्रदर्शनातून आणून दिलं होतं, दुसरं धाकटीला मैत्रिणीने. थोरल्याने वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवल्यावर कपाटं, भांडी, पंखे यांची वाटणी बिनबोभाट झाली. झाडांना पाणी द्यायचं काम मात्र धाकट्याकडे होतं. तो दोन्ही एकाच बादलीत बुडवायचा आणि हाताला येईल ते झाड मिळेल त्या तारेला टांगायचा. कुणाचं कुठलं, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. आता एक झाड चंदेरी, गुटगुटीत दिसत होतं. दुसरं हिरवं, लांबुडकं, नुकतंच झोपेतून उठल्यासारखं.

"चंदेरी माझं," थोरली म्हणाली. "त्याचं बूड कांद्यासारखं फुगीर होतं. मी रोज बघायचे."

"ताई, बूड दोन्हींचं फुगीरच आहे. माझ्या झाडाच्या पानांवर लव होती. बोट फिरवलं की मऊ लागायची."

थोरल्याचं चष्म्याचं दुकान. त्याने भिंग काढून दोन्ही झाडं नीट तपासली.

"लव दोघांनाही आहे," तो गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसं म्हणाला. "चंदेरीला दाट, हिरव्याला विरळ. विरळ लवेचं कुणाचं होतं?"

ते कुणाचंच नव्हतं.

"सुकल्यामुळे ओळखू येत नसतील," म्हणत धाकट्याने मदत म्हणून दोन्ही बादलीत बुडवून आणली. लवेत पाणी मुरलं आणि चंदेरी झाडही हिरवंगार झालं. आता भांडायचं कशावरून, तेही कळेना.

"वाळेपर्यंत थांबू का मी?" टेम्पोवाल्याने विचारलं.

धाकट्याने मोबाईलमध्ये शोधलं. पानांचा रंग आणि आकार उजेडानुसार बदलतो, खात्रीची ओळख फुलावरून पटते, असं तिथे लिहिलं होतं. प्रदर्शनातल्या विक्रेत्याने थोरल्याला सांगितलं होतं, हे झाड फुलताना लाल पडतं. धाकटीला मैत्रीण म्हणाली होती, जांभळं फूल येतं. म्हणजे फूल येईपर्यंत थांबणं आलं.

टेम्पो कपाटं घेऊन नव्या घरी गेला. थोरली मात्र गेली नाही. झाडाला नजरेआड करायची तिची तयारी नव्हती. टेम्पो निघण्याआधी कुकर तेवढा तिने खाली उतरवून घेतला होता.

बरेच आठवडे गेले. नव्या घरात कपाटं राहत होती आणि जुन्या घरात माणसं. मग एका सकाळी चंदेरी झाडाची मधली पानं लाल झाली. थोरलीने कुणाला काही न बोलता सगळ्यांसाठी चहा टाकला आणि धाकटीच्या कपात साखर जरा जास्त घातली. पुढच्याच आठवड्यात त्या लाल पानांमधून जांभळं फूल वर आलं. त्या दिवशी चहा धाकटीने केला.

लालही खरं होतं, जांभळंही खरं होतं. निकाल काही लागला नाही.

धाकटा मोबाईलवर पुढचं वाचत होता. "यात असंही लिहिलंय, की एकदा फुललं की हे झाड हळूहळू वाळून जातं."



"तसं बघितलं तर," थोरली म्हणाली, "लव तू म्हणाली होतीस. दाट लव याचीच आहे."

"नाही ताई. कांद्यासारखं बूड तुमच्याच झाडाचं. मला चांगलं आठवतंय."

"अगं, पण फूल जांभळं आलंय ना."

"आधी लाल झालं होतं, ताई. तुम्हीच तर बघितलंत."

थोरला झाडावर वाकला होता. पानं बाजूला करत तो म्हणाला, "बुडाशी पिल्लू फुटलंय."

"किती?" दोघींनी एकदम विचारलं.

"एकच."

थोरलीने झाड स्वतःकडे ओढलं. धाकटीने तार सोडली नाही.

"हे वेगळं कधी काढता येतं?" थोरलीने दिराला विचारलं.

"चांगलं वाढल्यावर. वर्ष तरी लागेल, वहिनी."

थोरलीने झाडाकडे पाहिलं, मग जावेकडे.

"मग उद्या भाजी कुठली आणायची?" ती म्हणाली.