जिना उतरण्याचा सराव

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बरं: सकाळ झाली आहे, तुमचे बाबा पलंगाच्या कडेला बसलेत, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेत, आणि ते काही केल्या उठत नाहीत. उठायचं नाही म्हणून नव्हे. डोकं म्हणतंय, "ऊठ!" आणि मांड्या म्हणतायत, "तूच ऊठ!"

भिंगरीच्या बाबांचं त्या दिवशी अगदी असंच झालं होतं. भिंगरी म्हणजे त्यांची लेक. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव पडलेलं. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत पालक आणि मुलांची तीन पायांची शर्यत होती. बाबांचा एक पाय लेकीच्या पायाला बांधायचा आणि दोघांनी मिळून पळायचं. गेल्या वर्षी ऐन वेळी कचेरीत काम निघालं, बाबा पोचलेच नाहीत, आणि भिंगरीनं अख्खी शर्यत कडेला बसून पाहिली, पाय बांधायचं फडकं हातात धरून. ती एका शब्दानं बोलली नव्हती. तेच बाबांना फार लागलं होतं.

म्हणून यंदा त्यांनी सराव करायचं ठरवलं. पण बाबा पडले जिन्यांचे नकाशे काढणारे. इमारतीत जिना कुठे वळवायचा, पायरी किती उंच ठेवायची, हे दिवसभर कागदावर आखणं हाच त्यांचा धंदा. जिन्याची नस न् नस आपल्याला ठाऊक, असा त्यांचा समज. त्यांनी विचार केला: चढताना दम लागतो, उतरताना लागत नाही. मग चढायचं कशाला? आदल्या संध्याकाळी ते लिफ्टनं कचेरीच्या वरच्या मजल्यावर गेले आणि जिन्यानं धडाधडा उतरले. पुन्हा लिफ्ट, पुन्हा जिना. एवढा व्यायाम, आणि दमणं म्हणून नाही! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ते शीळ घालत घरी आले होते.

आणि आता ही गत.

"अहो, उठताय ना?" भिंगरीच्या आईनं विचारलं.

"उठतोच आहे."

"मगापासून उठताच आहात!"

बाबांनी कपाटाला धरून, शिडी उभी करावी तसं स्वतःला उभं केलं आणि दोन पावलं टाकली.

"बाबा, तू असा का चालतोयस? कंपासपेटीतल्या कर्कटकासारखा?"

"जरा अवघडलंय गं."

"उद्या येणार ना पण?"

"म्हणजे काय! येणारच."

कचेरीत वेगळीच पंचाईत. बसलं तर उठता येणार नाही, म्हणून बाबा उभ्यानंच नकाशे काढू लागले. तेवढ्यात साहेबांनी बैठकीला बोलावलं. बाहेरचे पाहुणे आले होते. सगळे बसले, बाबा आपले भिंतीला टेकून.

"बसा ना," पाहुणे म्हणाले.

"नको, बरा आहे."

पाहुण्यांना वाटलं, इथे उभं राहायचीच रीत असेल. ते उठले. पाहुणे उठले म्हणून साहेब उठले. साहेब उठल्यावर बसून राहायची कुणाची छाती? सगळी बैठक उभ्या उभ्या झाली आणि चहा यायच्या आत आटोपली.

संध्याकाळी लिफ्ट बंद पडली. बाबांनी पहिल्या पायरीवर पाय टाकला मात्र, "आई गं!" म्हणून किंचाळलेच. उलटं उतरलं तर थोडं सोसवत होतं. तेव्हा कठडा धरून, तोंड वरच्या बाजूला करून ते खाली सरकू लागले. वरून साहेब आले. दोघं समोरासमोर.

"अहो, तुम्ही चढताय की उतरताय?"

"उतरतोय, साहेब."

"मग तोंड माझ्याकडे का?"

"पाय गेले हो माझे!" बाबांचा बांध फुटला. "कालपर्यंत धडधाकट होतो. आणि उद्या पोरीची शर्यत आहे, साहेब! गेल्या वर्षीही बुडवली मी."

गेल्या वर्षी थांबवून घेणारे साहेबच होते. बाबांचा हात धरून त्यांनी तळमजल्यावरचा दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी मांडी दाबली आणि बाबा छताला टेकायचेच बाकी राहिले.

"काल काय केलंत?"

बाबांनी सांगितलं. बाईंनी घाईघाईनं तोंडावर रुमाल धरला. मग सूज आहे का, ताप आहे का, लघवीचा रंग नेहमीसारखाच आहे ना, सगळं विचारून घेतलं.

"आजार काही नाही तुम्हाला. चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि तुम्हाला वर उचलतो. उतरताना त्याला ब्रेकचं काम करावं लागतं. तो ताणलाही जातो आणि तुमचं वजनही धरून ठेवतो, नाहीतर तुम्ही गडगडत खाली याल. त्यात दम कमी लागतो, पण सवय नसली तर स्नायूला आतून बारीक बारीक इजा होतात. शरीर त्यांची डागडुजी करतंय, म्हणून दुखतंय."

"म्हणजे पाय गेले नाहीत?"

"कुठे जातायत? पुढच्या वेळी जास्तच तयारीचे होतील."

बाबांनी असा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. त्यांच्यापेक्षा मोठा सुस्कारा साहेबांचा.

"मग दुखणं उद्यापर्यंत थांबेल ना?" बाबांनी विचारलं.

"उद्या?" बाई म्हणाल्या. "उद्या खरं दुखेल! आज काहीच नाही. पळू नका. सावकाश चाललात तर मात्र बरंच वाटेल."

दुसऱ्या दिवशी बाबा मैदानावर हजर होते, भिंतीच्या आणि झाडांच्या आधारानं.

"भिंगरे, मला पळता नाही यायचं. नुसतं चालेन. दुसऱ्या कुणाबरोबर धावतेस का?"

"छे! तू आलायस ना?" असं म्हणून तिनं फडकं आवळलं.

तेवढ्यात शेजारचे काका कण्हले. त्यांच्या पलीकडच्या मावशीही कण्हल्या. बाबांनी मान वळवून पाहिलं. अख्खी रांग वाकडी उभी होती! खेळाच्या सरांनी महिनाभर आधी सांगितलं होतं, "सराव करून या," आणि सगळ्यांनी तो शेवटच्या क्षणी, एकदमच उरकला होता.

शिट्टी वाजली. धूळ काही उडाली नाही. "हाय हाय", "अगं हळू", "थांब रे बाळा" असा कल्लोळ करत रांग पुढे सरकली. प्रेक्षकांना वाटलं, शर्यत अजून सुरूच व्हायचीय. पहिल्या आल्या त्या कुण्या मुलाच्या आत्या.

"सराव कसा केलात हो?" सरांनी कौतुकानं विचारलं.

"सराव? मला तर आज सकाळी कळलं!"

बाबा आणि भिंगरी मधेच कुठेतरी आली. कितवी, ते दोघांनीही पाहिलं नाही. रेषेपलीकडे पालक धपाधप गवतावर बसले, आणि बसल्यावर सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं की आता उठता येणार नाही. मुलं भराभर गाठी सोडून खेळायला पळाली.

"सोड गं आता," बाबा हसत म्हणाले. "तू जा. मी येतो हळूहळू."

भिंगरीनं बाबांकडे पाहिलं, मग मैदानाकडे पाहिलं. ती गाठीपाशी वाकली, तिच्यावर आणखी एक गाठ मारली, बाबांच्या कमरेला हात घातला आणि म्हणाली, "हं, बांधलेला पाय आधी. एक, दोन, ऊठ!"